बेटाच्या मुळाशी

कदमत बेटावर मी प्रथम गेलो तो २०१५ च्या जानेवारीत. कोचीहून निघालेले जहाज एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराचसा भाग चालून बेटापासून काही अंतरावर उभे राहिले. त्याला आत येता येत नाही, कारण बेटाभोवती प्रवाळांचा बांध आहे. आम्हांला लहान नावांत उतरवून घेण्यात आले. नाव बांधातल्या अरुंद वाटेने आत शिरली, आणि गडद निळे पाणी एकाएकी संपून फिकट हिरवे, तळची वाळू दाखवणारे पाणी सुरू झाले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत याला खारकच्छ म्हणतात. हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. त्याचा अर्थ वयाच्या एकावन्नाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिला.

लक्षद्वीपची छत्तीस बेटे मिळून जमीन भरते ती अवघी ३२ चौरस किलोमीटर. त्यांतल्या दहांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत सगळ्या द्वीपसमूहाची लोकसंख्या ६४,४७३ होती; आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावात याहून अधिक माणसे राहतात. कदमत लांबीला सुमारे नऊ किलोमीटर आणि सर्वांत रुंद जागी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. बेटाच्या मधल्या रस्त्यावर उभे राहिले की दोन्हीकडून समुद्राचा आवाज येतो. टेकडी नाही, नदी नाही, ओढा नाही, आणि ज्याला आपण दगड म्हणतो तो काळा दगडही नाही. जे काही पायाखाली आहे ते पांढरे, सच्छिद्र आणि हलके. पहिल्या दिवशी मी रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून पाहिला. त्यावर नक्षी होती. मधमाशांच्या पोळ्यासारखी, पण अधिक नाजूक.

मी जन्माने कोकणातला, मालवणजवळच्या एका गावचा. समुद्राशी माझे नाते जुने. पण ते नाते वरून पाहणाऱ्याचे. समुद्राला नारळ वाहायचा, त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे नाही, आणि गुडघ्यापलीकडे त्याच्यात शिरायचे नाही, एवढीच आमच्या घरची शिकवण. आमच्या शेजारच्या गाबितांच्या घरांतली माणसे समुद्रात जात, पण तीही समुद्राच्या पाठीवर. पाण्याखाली काय आहे हे जाळ्यातून वर येई तेव्हा कळे. म्हणजे ते मेलेले किंवा मरू घातलेले असताना. पाकट, मुशी, शेवंड, वाम, माकूळ ही सगळी नावे मला टोपलीतल्या जिवांची म्हणून ठाऊक होती. आता मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणणाऱ्या पुष्कळ नावा आहेत. माझ्या लहानपणी असे काही कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

कदमतला मी गेलो तो आमच्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापक-मित्राच्या आग्रहावरून. त्यांच्या मंडळींत एक जागा रिकामी होती आणि प्रवेशाचा परवाना तेच काढणार होते. मी भाषा शिकवतो. पाण्याखाली, जिथे बोलताच येत नाही, तिथे माझे काय काम, असे मी त्यांना विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. पैसे मात्र भरायला लावले.

पाणबुड्याच्या शिक्षणाचे पहिले दोन दिवस खारकच्छातल्या कमरेएवढ्या पाण्यात गेले. आम्हांला शिकवणारे गृहस्थ बेटावरचेच, पस्तिशीच्या घरातले, कुप्याची मासेमारी करणाऱ्याचे चिरंजीव. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. बेट लहान आहे. त्यांच्या घरी मलयाळमची एक बेटावरचीच बोली बोलत. माझ्याशी ते हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून बोलत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सर’ लावत. त्यांनी पहिली दुरुस्ती केली ती माझ्या भाषेतच. मी पाठीवरच्या टाकीला ऑक्सिजनची टाकी म्हणालो. ते हसले. टाकीत ऑक्सिजन नसतो, सर, हवा असते. आपण आता घेतो आहोत तीच, फक्त दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन माणूस खोल गेला तर आकडी येऊन मरेल. परत आल्यावर मी ही गोष्ट अनेकांना सांगितली. तरीही सगळे आजपर्यंत मला ‘ऑक्सिजनची टाकी जड असते का’ असेच विचारतात.

टाकी जड असतेच. जमिनीवर ती आणि कमरेची शिशाची वजने घेऊन चालताना हमालाची आठवण होते. पण पाण्यात शिरताच ते ओझे कुठे जाते कळत नाही. कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये जे यंत्र सिद्ध केले त्याची करामत अशी, की आपण जितके खोल असू तितक्याच दाबाची हवा ते तोंडात सोडते, तीही श्वास आत ओढला तरच. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. कानांचे पडदे आत दबतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घातली की ते पूर्वस्थितीला येतात. हे दर मीटर-दोन मीटरला करायचे. हे सारे लवकर जमले. जमली नाही ती खुणांची भाषा. त्या भाषेत आठ-दहाच शब्द आहेत आणि मी आयुष्यभर भाषा शिकवीत आलेला माणूस. आंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे ठीक आहे. तळहात आडवा हलवला की काहीतरी बिघडले आहे. आंगठा वर म्हणजे वर चला. मी एका सुंदर माशाकडे पाहून कौतुकाने आंगठा वर केला आणि शिक्षकांनी मला दंड धरून मुकाट्याने पृष्ठभागावर आणून सोडले. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी मी काय म्हणतो आहे याचा अर्थ लावला आणि आंगठा वर केलेला असूनही मला खालीच ठेवले. भाषेच्या इतिहासात असेच होत आले असावे.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांधाच्या बाहेर गेलो. बाहेरच्या बाजूला प्रवाळभित्ती आधी उताराने आणि मग कड्यासारखी खोल जाते. मी नावेच्या काठावरून पाठमोरा पाण्यात पडलो, आणि पहिली जाणीव झाली ती आवाजाची. समुद्राच्या आत शांतता असते ही कवींची समजूत. तिथे सतत तडतड चाललेली असते, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी. बोटभर लांबीच्या कोळंब्या आपली एक मोठी नांगी मिटताना हा आवाज करतात, असे मित्रांनी नंतर सांगितले. मला मात्र त्या क्षणी कुणीतरी कुठेतरी फार मोठ्या स्वयंपाकघरात फोडणी देत आहे असेच वाटले, आणि त्या घरगुती आवाजाने धीर आला.

तो धीर फार टिकला नाही. सुमारे बारा मीटरांवर माझ्या पुढच्या सोबत्याच्या पायातला रबरी पंख माझ्या डोळ्यांवरच्या काचेला लागला, काच सरकली आणि नाकात पाणी गेले. पाणी कसे काढायचे ते उथळ जागी दहा वेळा शिकलो होतो. त्यांतले काही आठवले नाही. मी श्वास कोंडला आणि पाय झाडत वर निघालो.

प्राणायामात आपल्याकडे कुंभकाचे कौतुक आहे. पाण्याखाली कुंभक करून वर येणे याइतके घातक दुसरे काही नाही. दहा मीटरांवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला छातीभर श्वास वर येईपर्यंत आकारमानाने दुप्पट होतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट दिली नाही तर फुप्फुसे फाटतात. ही गोष्ट आदल्या दिवशीच फळ्यावर काढून दाखवली होती. शिक्षकांनी माझ्या जाकिटाचा पट्टा पकडला. मी त्यांना लाथ मारली असावी. ते कधी म्हणाले नाहीत. त्यांनी मला समोर फिरवले, एक हात माझ्या छातीवर ठेवला आणि दुसरा आपल्या तोंडापासून हळूहळू दूर नेला. पुन्हा तोंडाशी आणला, पुन्हा दूर नेला. श्वास सोड. एवढेच ते सांगत होते, आणि मला ते कळत असूनही करवत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदाचे माझ्या तोंडातून बुडबुडे सुटले.

त्यानंतर त्यांनी मला वर नेले नाही. याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांनी खूण करून विचारले, मी वर्तुळ करून उत्तर दिले, आणि ते मला खाली एका प्रचंड गोलाकार खडकापाशी घेऊन गेले. चार माणसांनी हात धरले असते तरी तो कवेत आला नसता. उंचीला दोन मीटर. रंग मळकट तपकिरी, मेणासारखा. आणि त्यावर जागोजागी निळी, पिवळी, तांबडी अशी चिमुकली पिसे उमललेली. जवळ हात नेला की पिसे झटकन आत जात. ते किडे, खडकात घर करून राहणारे. पण खडक हा खडक नव्हता. तो एक जिवंत प्रवाळ होता, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर लक्षावधी प्रवाळ-जीवांची एकत्र वसाहत. या जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. दोन मीटरांचा हिशेब प्रत्येकाने करावा. पेशवाई बुडाली तेव्हा हे वाटाण्याएवढे असावे. शिक्षक त्याला आपल्या बोलीत आजीच्या नावाने संबोधत; आपण म्हातारी म्हणू.

मराठी माणसाला पोवळे ठाऊक असते ते अंगठीतले, मंगळाचे, लालबुंद. ते लाल पोवळे भूमध्य समुद्रातले आणि वेगळ्याच जातीचे. पहिल्या शतकात प्लिनीने लिहून ठेवले आहे की रोमन लोकांना जसे मोत्यांचे वेड तसे हिंदी लोकांना पोवळ्यांचे. ते पोवळे बेटे बांधीत नाही. बेटे बांधणारी प्रवाळे बहुधा तपकिरी, शेवाळी, धुरकट अशी असतात, आणि पहिल्या दर्शनी माझी थोडी निराशाच झाली. त्यात पाच-सात मीटरांच्या खाली तांबडा रंग पाण्यात विरून जातो. माझ्या बोटाला प्रवाळाची धार लागून रक्त आले तेव्हा ते हिरवट-काळे दिसले. डोळे जुळायला वेळ लागतो. मग त्या तपकिरी रंगातच शंभर छटा दिसू लागतात. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, मेजासारखी पसरट ताटे, मेंदूच्या वळ्यांसारखे गोळे. आणि त्यांच्यामधून माशांचे थवे असे जातात की जणू खडकालाच श्वास चालू आहे.

त्या रंगाचे कारण मी मित्रांकडून रात्री समजून घेतले. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या देहाच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. तपकिरी रंग त्यांचा. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा देतो. या भाडेकराराच्या बळावर प्रवाळ समुद्रातला चुना घेऊन आपला सांगाडा रचीत जाते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की करार मोडतो. प्रवाळ शैवालांना बाहेर टाकते, आणि त्याच्या पारदर्शक अंगातून आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. ते अजून मेलेले नसते. उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर शैवाले परत येतात. हे १९९८ मध्ये झाले होते, २०१० मध्ये पुन्हा झाले होते. मित्र हे सांगत होते तेव्हा मी वहीत टिपून घेत होतो आणि मनातून म्हातारीचाच विचार करीत होतो, की तिने दोन्ही साले काढली.

त्या मुक्कामात मी नऊ वेळा पाण्याखाली गेलो. काय काय पाहिले याची यादी देत नाही. अशा याद्या वाचणाऱ्याला कंटाळा आणतात. पण पोपटमाशाविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. हा हिरवा-निळा, हातभर लांबीचा मासा. त्याचे दात जुळून चोच झालेली असते. त्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडतो, कधी जिवंत प्रवाळही चावतो, आणि हे करताना चुन्याचा चुरा पोटात घेतो. त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. शेजारी बसून कुणी फुटाणे खावे तसा. थोड्या वेळाने तो पोहता पोहता मागे एक पांढरा धुरळा सोडून जातो. ती वाळू. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा काचेआड हसलो आणि पुन्हा नाकात पाणी गेले. रात्री किनाऱ्यावर त्या मऊ, शुभ्र वाळूत बसलो असताना ध्यानात आले की आपण कशावर बसलो आहोत. २०१५ मध्येच मालदीवच्या वक्करू बेटावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रवाळभित्तीवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची निघाली. कदमतचा हिशेब वेगळा असेल, जात तीच.

म्हणजे बेट समुद्रात आहे असे म्हणणे बरोबर नव्हे. बेट समुद्राने केलेले आहे, आणि रोज करावे लागते. लाटा ते झिजवतात, प्रवाळे आणि मासे ते भरून काढतात. डार्विनने १८४२ मध्ये मांडले की कंकणद्वीप म्हणजे खचत गेलेल्या ज्वालामुखीभोवती वर वर वाढत राहिलेली प्रवाळभित्ती. डोंगर बुडाला, कंकण राहिले. गंमत अशी की ही कल्पना त्याला सुचली तेव्हा त्याने खरी प्रवाळभित्ती पाहिलीही नव्हती. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक बेटावर हजार मीटरहून अधिक खोल छिद्र घेतल्यावर खाली काळा ज्वालामुखीचा खडक लागला. लक्षद्वीपच्या तळाशीही तसाच कातळ असल्याचे मानतात, आणि तो ज्या तप्त केंद्रातून आला त्यातूनच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा वाहिला, असे भूशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, केंद्र मागे राहिले. त्याचे ओरखडे दक्षिणेकडे लक्षद्वीप, मालदीव आणि थेट रेयुनियनपर्यंत उमटले. ज्या बेटावर एक काळा दगड मला सापडला नव्हता, त्याच्या मुळाशी सह्याद्रीचा चुलतभाऊ निघाला.

शिक्षकांना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘सर, आमचा बाप म्हणायचा, बेट म्हणजे उलटे टांगलेले जहाज. तळ वर, आणि माल सगळा खाली.’ त्यांचे वडील कुप्याचे मासेमार. तिथली पद्धत अशी: खारकच्छातून बारीक मासे जिवंत पकडून नावेतल्या पाण्यात ठेवायचे, बाहेर समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ते फेकायचे, पाणी उसळू लागले की काठीला बांधलेल्या बिनकाट्याच्या गळाने एकेक कुपा उचलून नावेत टाकायचा. जाळे नाही. १९६० नंतर सरकारने यंत्राच्या नावा देऊन या धंद्याला उत्तेजन दिले, आणि त्यामुळे प्रवाळभित्तीवरचे मासे पुष्कळ अंशी वाचले असे अभ्यासक म्हणतात. लोकांचे लक्ष बाहेरच्या समुद्रावर राहिले. पण आमिषाचे ते बारीक मासे प्रवाळांच्याच आश्रयाने वाढतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात समुद्र पुन्हा तापला. मी २०१७ च्या जानेवारीत परत गेलो. या खेपेस एकटाच, परवान्याची खटपट स्वतः करून.

शिक्षक धक्क्यावर आले होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, उद्या बघा. दुसऱ्या दिवशी बांधाबाहेर त्याच जागी उतरलो. पांढरे काही दिसले नाही. तो काळ सरून गेला होता. शिक्षक म्हणाले होते की मे महिन्यात सगळा उतार पांढरा झाला होता, काही फांद्यांवर निळी-जांभळी झाक आली होती, आणि तेव्हा आलेल्या एका पाहुण्याने वर येऊन सांगितले, किती सुंदर! आता त्या फांद्यांवर करडे, केसाळ शेवाळ चढले होते. मेजासारखी ताटे मोडून उतरणीवर उपडी पडली होती. मासे होते. पोपटमासे तर मला अधिकच वाटले. शेवाळ खाण्याचे त्यांचे काम वाढले होते. फांद्यांत लपणारे बारीक मासे मात्र दिसेनात. आणि ती मोहरीची तडतड, ती चालू होती. पण मला ती विरळ वाटली. कदाचित हा माझ्या मनाचाच खेळ असेल. मित्रांनी नंतर सांगितले की खंगलेल्या प्रवाळभित्ती खरोखरच अधिक निःशब्द असतात, हे मोजलेले आहे. मला त्या क्षणी मोजायचे नव्हते. एखाद्या ओळखीच्या घरी जावे आणि स्वयंपाकघरातून आवाज येऊ नये, तसे झाले.

म्हातारी जिवंत होती. तिच्या माथ्यावर घोंगडीएवढा एक डाग मेलेला होता, त्यावर शेवाळ होते. पण अंगाच्या बाजू तपकिरी होत्या आणि पिसेही उमललेली होती. शिक्षक तिच्याभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहून आंगठा वर केला, आणि मला कळेना की ते कोणत्या भाषेत बोलत आहेत. ते वर चढू लागले नाहीत, तेव्हा कळले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावले. घर त्यांच्या पत्नीचे. लक्षद्वीपचा समाज मुसलमान आहे आणि मातृवंशीयही आहे. तिथे मालमत्तेचे दोन प्रकार, आणि त्यांना वारांची नावे. कुळाची, आईकडून लेकींकडे चालत येणारी ती शुक्रवारची. स्वतः कमावलेली ती सोमवारची. चहा झाला, सुकवलेल्या कुप्याची काहीतरी न्याहारी झाली. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. अंगणाच्या पलीकडे माड, माडांच्या पलीकडे समुद्र; अंतर शंभर पावलांचे. तेवढ्यात ते म्हणाले, ‘सर, ही जमीन शुक्रवारची. बायकोची, मग हिची, मग हिच्या मुलीची. खालचे बांधकाम थांबले तर वरचे किती दिवस? हिच्या मुलीपर्यंत पुरेल?’

मी भाषेचा शिक्षक आहे, असे उत्तर मी दिले. ते हसले. ‘विज्ञानवाले सर पण तसेच म्हणाले, सर. ते म्हणाले, मी माशांचा शिक्षक आहे.’

प्रश्न हवेतला नव्हता. त्याच वर्षी अभ्यासकांनी नोंदवले की बंगारम कंकणद्वीपातले परळी-१ नावाचे निर्मनुष्य बेटुकले पूर्णपणे झिजून गेले आहे. आपल्या परळीशी त्याचे नावापुरतेच साम्य. तरी बातमी वाचताना एक क्षण छातीत धस्स झाले. पुढे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांचा आढावा आहे: आगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन बेटांवरचे जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले. प्रत्येक तापानंतर काही प्रवाळे सावरतात, टिकाऊ जातींचे प्रमाण वाढते. पण दोन तापांमधला अवकाश पुरत नाही. आजाऱ्याला उठून बसायला सहा वर्षे लागत असतील आणि दुखणे पाचव्या वर्षीच परत येत असेल, तर काय व्हायचे ते सांगायला माशांचा किंवा भाषेचा, कुठल्याच शिक्षकाची जरुरी नाही.

त्यानंतर मी कदमतला गेलेलो नाही. कानाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी खोल पाण्याची बंदी केली आहे. शिक्षकांचा मात्र वर्षातून दोन-तीनदा दूरध्वनी येतो; ईदला, दिवाळीला, आणि समुद्राचे काही विशेष असेल तर. २०२४ च्या मे महिन्यात तो अवेळी आला. आदल्या ऑक्टोबरपासून पाणी तापलेले होते. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक लक्षद्वीपच्या पाण्यात फिरून गेले होते आणि वर्तमानपत्रांत पांढऱ्या प्रवाळांची छायाचित्रे येत होती. शिक्षकांनी मुलीची चौकशी करू दिली नाही. (ती तेव्हा अमिनी बेटावर नातेवाइकांकडे गेली होती, हे मला मागाहून कळले.) त्यांनी सरळ सांगितले, म्हातारी माथ्यापासून कमरेपर्यंत पांढरी झाली आहे. कमरेच्या खाली, जिथे तिची स्वतःचीच सावली पडते, तिथे अजून रंग आहे. आता पावसाळा येईल, समुद्र उठेल, चार महिने कुणाला खाली जाता येणार नाही.

मी विचारले, पाऊस लवकर आला तर पाणी निवेल का. ते म्हणाले, येऊ दे सर, लवकर येऊ दे.

त्या वर्षी जूनमध्ये मी दिल्लीच्या उन्हात बसून केरळच्या पावसाच्या बातम्या एखाद्या शेतकऱ्यासारखा वाचीत होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला. आवाज तुटत होता; बेटावर असे नेहमी होते. पहिली दोन वाक्ये ऐकू आली नाहीत. मी मोठ्याने विचारले, आणि त्यांनीही मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितले: माथा गेला, सर; खालची बाजू आहे; पिसे मोजली, सव्वीस.